मुद्देमाल, नग एक

पंचनाम्यात रंगासाठी एकच ओळ असते.
मी लिहिलं, काळपट तपकिरी.
मग त्यानं अंग वळवलं
आणि ट्यूबलाइटखाली त्या काळ्यावरून
पाण्यात सांडलेल्या डिझेलचे रंग सरकले.
खोडलं नाही. ओळ भरली होती.

ओवळे, घोडबंदर रोड, बी विंग, दुसरा मजला.
काचेची पेटी ताम्हाण्यांनी स्वतः जोडलेली,
तेहतीस वर्षं वागळे इस्टेटला टूलरूममध्ये होते,
सांध्यात नख शिरणार नाही.
आत वीतभर माती, ओला पाचोळा, थर्मामीटर.
शेजारी वही:
गांडुळं दोन. एक खाल्लं.
दिसला नाही.
दिसला नाही.
दिसला नाही.
आज शेपूट दिसली.

खापरखवल्या.
शेपूट अशी, की कुणी तिरकी छाटून
वर खरखरीत खापरी बसवावी.
मातीत शिरला की तिनंच मागचं दार लावून घेतो.
विष नाही. चावणं माहीत नाही.
तक्रारीत शेजारणीनं नाग लिहिलं होतं.

वजन अठरा ग्रॅम.
नाक्यावरच्या सराफानं काटा दिला,
नंतर तो हळदीच्या पाण्यानं धुतला.
पंच दोन. त्यातल्या इस्त्रीवाल्यानं
पाय खुर्चीवर घेऊन सही केली.

मॅडम, पोकलेन चालू होता, ताम्हाणे म्हणाले,
बकेटमधून पडला, रुमालात घेतला.
वाचवला हो मी.
सगळे तेच म्हणतात.
सगळ्यांकडे वही नसते.

कधी, मी विचारलं.
त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून
माझ्यासमोर धरलं, चष्मा नीट करत,
जसा कामगार नग तपासायला देतो.
एक्केचाळीस दिवस.
कायद्यात अठ्ठेचाळीस तास:
तेवढ्यात कळवायचं, आणून द्यायचं,
कारण रानातलं ते शासनाचं.

आणि डोंगर?
भांडायला नाही विचारलं.
मापाचा माणूस, माप विचारत होता.
डोंगराचे कागद आमच्याकडे येत नाहीत, मी म्हटलं.
ते खरंच आहे.

तारीख मिळेपर्यंत साप येऊरच्या ऑफिसात,
लोणच्याच्या बरणीत, झाकणाला भोकं,
माती त्यांच्याच पेटीतली.
सकाळी आल्या आल्या मी बांबूखाली गांडुळं उकरते,
रजिस्टरला लिहिते, दिसला नाही.
ताम्हाण्यांनी ठेवला, तो गुन्हा.
मी ठेवते, तो ताबा.
बरणीला काय कळतं म्हणा.

नवव्या दिवशी माती हलली
आणि तीन वर आले,
आगकाडीहून थोडे लांब,
तयार साप, शेपटांना खापऱ्यासुद्धा.
साहेबांना फोन केला: सर, मुद्देमाल वाढला.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
पंचनाम्यात किती?
एक.
मग एकच.

आदेश आला: जप्त साप, नग एक,
नैसर्गिक अधिवासात, शक्यतो मूळ जागी सोडावा.
मूळ जागी आता पार्किंगचा तिसरा मजला
खाली उतरतोय.
मी येऊरला झऱ्याच्या वरच्या अंगाला गेले,
बरणी आडवी केली.
ती आधी गेली. नाक खुपसलं,
अंग सावकाश आत ओढलं, दार लागलं.
फोटो काढला, फाईलसाठी.
बाकीचे तीन कुठल्याच कागदावर नव्हते.
त्यांना जितका वेळ हवा तितका घेऊ दिला.

पुढल्या तारखेला ताम्हाणे कोर्टाच्या जिन्यात,
कडक कॉलर, वकिलाचा पत्ता नाही.
कसा आहे, त्यांनी हळूच विचारलं.
कशी, मी म्हटलं. आणि तीन पिल्लं.
त्यांनी खिशातून पेन काढलं,
मग आठवलं, वही आमच्याकडे, सीलबंद.
समन्स उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं,
आधी तारीख लिहिली.
मादी, लिहिलं.