यादीबाहेरचं मीठ

बोहोल बेटावर दिवस तिसरा.
दादाच्या हातात छापील कागद :
टेकड्या, टार्सियर, नदीवर जेवण,
पाचची परतीची बोट.
एकेक झालं की तो पेनाने खूण करतो,
बँकेत तेहेतीस वर्षं चेक पास केले तशी.

टेकड्या पाहिल्या. हजारावर आहेत म्हणे.
उन्हाने तपकिरी पडलेल्या,
जणू कुणी परातभर लाडू वळले
आणि पाहुणे आलेच नाहीत.
सगळ्या पायऱ्या चढून, धाप ओसरल्यावर
दादा म्हणाला, "बरं."
खूण.

टार्सियरच्या रानात बोलायचं नाही.
तोंडावर बोट ठेवलेली पाटी,
पाटीखाली कुजबुजणारे आम्ही.
मुठीत मावेल एवढा जीव फांदीला बिलगून,
डोळे तेवढे अंगाला मोठे,
थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखे.
हा रात्रीचा प्राणी. ही त्याची झोपेची वेळ.
आमच्यासाठी जागा होता.
मी फोन वर केला
आणि न काढता खाली घेतला,
असं लिहायला बरं वाटलं असतं.
मी चार फोटो काढले.

रोसेन्दोही पहाटे तीनपासून जागाच.
आमच्याआधी एका कोरियन जोडप्याला
विमानतळावर सोडून आलेला.
आरशात त्याचे डोळे पाहून
मी शेंगदाण्याच्या बिस्किटांची पुडी पुढे केली.
दोन तोंडात टाकून तो म्हणाला,
"मॅम, वाटेत आत्याकडे तांदळाचं पोतं टाकायचंय.
दहाच मिनिटं."
दादाने कागद पाहिला.
कागदात आत्या नव्हती.

आल्बुर्केर्केच्या खाडीकाठी झावळ्यांची खोप,
छपरातून निघणारा धूर,
आणि धुरातून निघालेली तिया पेर्फेक्ता,
कोपरापर्यंत राखेने माखलेली.
नारळाची सोडणं महिनोन्महिने
समुद्राच्या पाण्यात मुरवायची, सांगत होती ती,
मग वाळवायची, मग दिवसरात्र धुमसवायची,
त्या राखेतून पुन्हा समुद्रच गाळायचा,
आणि भट्टीवर टांगलेल्या मडक्यांत
ओतत राहायचं, आटलं की ओतायचं,
आटलं की ओतायचं,
खालून मडकं तडकेपर्यंत.

"मध्येच डोळा लागला तर?"
रोसेन्दोने भाषांतर केलं. ती हसली.
मीठ झोपू देत नाही, म्हणाली.

आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात,
मी हौसेने सांगायला गेले.
इंग्रजीतून, मग रोसेन्दोच्या बिसायातून
तिच्यापर्यंत पोचेतो त्याचं
"यांच्याकडची माणसं प्रामाणिक असतात" एवढंच झालं.
तिने मान डोलावली,
परक्याच्या घरची अळणी भाजी
गिळून घ्यावी तशी.

मग एक मडकं पुढ्यात ओढलं.
तळ फुटलेला, आतून डोकावणारा
मिठाचा घट्ट पांढरा गोळा,
एखाद्या मोठ्या पक्ष्याने घालून विसरलेलं अंडं.
कोयत्याच्या पाठीने टवका उडवला,
दादापुढे धरला. "आसिन."

दादाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
"कोण असीन? कुठे असीन?"
मीठ रे. यांच्यात मिठाला आसिन म्हणतात.

वहिनी गेली त्याच महिन्यात
डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं होतं.
सहा वर्षं. एक पापडसुद्धा नाही.
माझा "नको" तोंडातून बाहेर यायच्या आत
त्याने तो टवका जिभेवर ठेवला,
गालफडात फिरवला,
वाळूत उभा राहिला बराच वेळ,
चपला हातात नव्हत्या, पायातही नव्हत्या.
मग पुन्हा हात पुढे केला.
तीर्थाला करतात तसा :
उजवा वर, डावा खाली.

नदीवरचं जेवण हुकलं.
तियाच्या भात-सुक्या मासळीवर
तेच मीठ किसून खाल्लं, उकिडवे बसून.

धक्क्यावर सामान उतरवून
आम्ही वळून पाहतो तो रोसेन्दो
स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला.
दादाने खिडकीत नोट ठेवली, काच वर सरकवली,
काच अडली, दोन बोटं फट राहिली.
राहू दे, म्हणाला, हवा लागेल त्याला.

बोटीत त्याने कागद काढला.
नदीवरच्या जेवणापुढे पेन थांबलं,
खाली सरकलं,
आणि चेकवरच्या अक्षरात, बारीक :
असीन.
खूण नाही केली.
बेट मागे गेलं. दिवे लागले.
मी पथ्याचं काहीच बोलले नाही.
तो मधूनमधून
ओठांवरून जीभ फिरवत राहिला.