ओरिस्तानोच्या इस्पितळात, एप्रिल

बाकीझिओ,
तुझी लघवी काळ्या द्राक्षांच्या वाइनसारखी झाली
तेव्हा मी घाबरले.
आणि कुठेतरी ओळखलंही.

परवा तोमाझिनाच्या मळ्यात
फावाच्या कोवळ्या शेंगा सोलून
कच्च्याच खाल्ल्यास तू, मीठ लावून,
सगळ्या पोरांबरोबर, ओंजळ ओंजळ.
ती पोरं आज शाळेत आहेत.
तुझे डोळे केशराच्या पाण्यासारखे पिवळे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक एन्झाइम कमी आहे.
त्याचं लांबलचक नाव कागदावर उतरवून घेतलं.
रक्त चढवलं. आता तू झोपलायस,
आणि मी, दरवर्षी मुलांना गुणसूत्रं शिकवणारी बाई,
जेवणाच्या ट्रेवरच्या कागदावर
तीच आकृती काढत बसलेय.
आईचे दोन एक्स. बापाचा एक एक्स, एक वाय.
फळ्यावर किती स्वच्छ दिसते ती!
चार चौकोन, खडू झटकला, तास संपला.

मुलाला बापाकडून वाय मिळतो,
एक्स आईचाच.
तुझा बाप बाहेर येरझारा घालतोय,
मघाशी विचारत होता, माझ्याकडून तर नाही ना?
नाही रे, तू सुटलास.
हे माझ्याकडून गेलं.
आणि माझ्याकडे कुठून आलं?

माझे वडील, एफिझिओ, बुचाच्या झाडांची साल काढायचे.
मे ते ऑगस्ट त्यांच्यासारखा माणूस नाही, असं गाव म्हणायचं.
पण फावा फुलला की अंग काढून घ्यायचे,
मळ्याच्या कडेनेही जायचे नाहीत, तोंडाला रुमाल लावून
लांबच्या वाटेने घरी.
आई म्हणायची, वसंत आला, ह्यांना नखरे सुचले.
दारूच्या अड्ड्यावर त्यांना एक नाव होतं,
ते मी इथे लिहीत नाही.
मीही हसले होते, बाकीझिओ, सगळ्यांबरोबर,
चौदा-पंधरा वर्षांची असेन.

त्यांच्याकडे एकच एक्स होता.
मुलगी झाली की तो द्यायचाच, दुसरा होता कुठे?
मला आईचाही एक मिळाला, त्याने झाकलं,
म्हणून मी बशीभर फावा खाऊन
ढेकर देत अंगणात बसायचे.

खाण तशी माती, म्हणतात लोक.
खाणीत काय काय दडलंय, ते मातीला कुठे ठाऊक असतं?

एक गोष्ट मी वर्गात कधी सांगत नाही, पोरं खिदळतात म्हणून.
आईच्या पोटात मी पाच महिन्यांची होते
तेव्हाच माझी बीजांडं तयार होती.
म्हणजे तुझं अर्धं तेव्हाच तिथे होतं,
माझ्या आत,
मी तिच्या आत,
आणि ती बाहेर उन्हात वाकून
टोपलीत फावा तोडत होती.
माझे दोन एक्स एकमेकांना बिलगून थांबलेले,
बापाचा आणि आईचा, एकतीस वर्षं,
कोण राहणार, कोण जाणार, काहीच ठरलेलं नाही.
मग काब्रासला तुझ्या मावशीचं लग्न, उशिरापर्यंत नाच,
परतताना गाडीत आम्ही दोघं उगाच हसत होतो.
त्याच आठवड्यात कधीतरी निवड झाली.
कोट्यवधींतून एकजण आत शिरला, दार मिटलं.
तो वाय घेऊन आला होता.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं.
खाली तळ्याकाठी पूर्वी दलदल होती, डास होते, हिवताप होता.
असं रक्त असलेली पुष्कळ माणसं त्यातून तगली,
म्हणून हे टिकलं.
बाबांना हे कुणी सांगितलं असतं तर.
ते गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

सलाइनचे थेंब मोजता मोजता
तुझ्या पायावरची चादर सरकली.
अंगठ्यापेक्षा लांब दुसरं बोट.
हे माझं नाही, तुझ्या बापाचं नाही,
एफिझिओंचंही नव्हतं, मला त्यांचे पाय आठवतात.
कुणाचं आहे कोण जाणे.
चादर पुन्हा ओढून घेतली.
उठलास की आधी पाणी पी.