आठ सप्टेंबर, हेब्डन ब्रिज

म्युझियमच्या दारातल्या फळ्यावर
रोज सकाळी मी लिहिते : आजच्या दिवशी.
खडू दमटलाय, अक्षर धड उमटत नाही.

१९४४ : लंडनवर पहिलं व्ही-टू रॉकेट पडलं.
१९६६ : सेव्हर्न नदीवरचा पूल खुला झाला.
२०२२ : राणी गेली.

मॉरीन सटक्लिफ मागून म्हणते,
"पूल वर घे गं, लोक चहाला येतात इथे."
पूल वर घेतला.
रॉकेट खाली पडलं, पुन्हा एकदा.

एका ओळीची जागा उरली.
जुन्या चोपडीत सापडलं :
१७५२ साली या देशानं कॅलेंडर बदललं,
दोन सप्टेंबरला झोपलेली माणसं
एकदम चौदाला उठली.
मधले अकरा दिवस
कुणाचं बारसं नाही,
दूधवाल्याची उधारी नाही,
कुणी गेलं नाही.

आमच्यातही तिथीचा क्षय होतो,
पण एका वेळी एकीचा.
नंदनदादाचं श्राद्ध वहिनी कराडला घालते,
तिथीनं. दरवर्षी पुढेमागे सरकतं ते.
माझ्याकडे तारीखच राहिली, जागची न हलणारी.
फोन आला तेव्हा मी कालव्याकाठी
बदकांना ओट टाकत होते.
पुडा संपेपर्यंत टाकत राहिले.

चौथी ओळ लिहिली,
१७५२ : या दिवशी काहीही घडलं नाही.

मॉरीननं चष्मा पुसून वाचलं.
"खरंच?"
म्हटलं, हो.
त्या वर्षापुरतं.