तळपाय

सकाळचे साडेनऊ. द्वारकेजवळचा दवाखाना,
दुसरा मजला, खाली उड्डाणपुलाची घरघर.
माझ्या हातात पेनाएवढी दांडी,
तिच्या टोकाला नायलॉनचा एकच केस.
दिवसभर मी तो लोकांच्या तळव्यांना टेकवते.
एवढंच काम. पगार बरा आहे.

"डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा."

त्र्यंबक तांबट, वय एकाहत्तर, साखर वीस वर्षं.
तांबट आळीत घंगाळं ठोकत
जन्मभर दुमडून ठेवलेले पाय
आता माझ्यासमोरच्या स्टुलावर, टाचा भेगाळलेल्या,
अंगठ्याखाली एक काळा गोल:
भट्टीतला निखारा होता, म्हणाले,
वास आला तेव्हा कळलं.

अंगठा. गप्प.
करंगळीखाली. गप्प.
चवड्याच्या मधोमध, केस वाकेपर्यंत. गप्प.

आणि माझ्या बुटात, मोज्याच्या आत,
माझा अंगठा आक्रसला.

हे मी कुणाला सांगत नाही.
शाळेत बाई दुसऱ्याच्या तळहातावर पट्टी मारायच्या
आणि मी माझा हात फ्रॉकला पुसायचे.
आई म्हणायची, नाटकी आहे पोर.

वडील गेले तेव्हा रामकुंडावर जयवंतला बसवलं.
न्हाव्याने डोक्याला पाणी चोळलं,
वस्तरा कपाळापासून मागे नेला, एका दमात.
मी वरच्या पायरीवर, पाठीवर जाड वेणी,
तरी कानामागे गार रेघ उमटली
आणि टाळूवरून गोदावरीचा वारा गेला.
संध्याकाळपर्यंत वेणीसकट माझं डोकं उघडं होतं.
पदर घेतला. काकू म्हणाल्या,
बाप गेल्यावर सुचला वाटतं पदर.

तांबटांनी एक डोळा किलकिला केला.
मला दिसलं. बोलले नाही.
केस टेकवला.

"हो."

परत टेकवला.

"हो. आता करंगळीखाली."

"बाबा, तुम्ही बघताय."

"बघतोय म्हणून तर लागतंय."
चिडले नाहीत. पायाकडे बघत राहिले,
परगावी गेलेल्या पोराच्या फोटोकडे बघावं तसे.
"खोटं नाही बोलत, बाई.
डोळे मिटले की तिथं कुणी राहत नाही.
बघितलं की जरा... मुंग्या नाहीत त्या.
कुणी कडी वाजवून पळून जावं, तसं."

फॉर्मवर पावलाचं चित्र, त्यात दहा गोल.
बघून आलेल्या 'हो'साठी रकाना नाही.
मी दहाच्या दहा फुल्या मारल्या
आणि समासात पेन्सिलीने लिहिलं,
रोज झोपताना तळवे बघा, आरसा धरून बघा.
सगळ्यांनाच लिहून देते. आज लिहिताना हात थांबला.

ते सांगत होते, हातही आता झोपत चाललेत.
नातू ठोकतो, मी समोर पाटावर बसतो.
हातोडी त्याची, पण ठोका पडला की
माझ्या मनगटात येतो, इथं.
वाकडा पडला तर आधी मला कळतं,
मग भांड्याला, मग त्याला.
घरचे म्हणतात, म्हातारा बसल्या जागी हात झटकतो.

मी केस डबीत ठेवला. झाकण लागेना.

"तुमचा अंगठा का हलत होता?" त्यांनी विचारलं.
"कुठला?"
"बुटातला. मी मिटले होते डोळे,
पण सारखे कोण मिटून ठेवतं?"

"मुंग्या आल्या होत्या," मी म्हणाले.

"मुंग्या नसतात त्या," ते म्हणाले,
आणि काठी घेऊन उठले.

दारातून बाहेर पडले. जिन्याच्या चार पायऱ्या उतरले.
डावी चप्पल इथंच होती, स्टुलाखाली.
हाक मारावी तर नाव तोंडात येईना,
मी नुसतीच चप्पल उचलून दारात उभी राहिले,
माझ्या डाव्या पायाला फरशी गार लागत होती.
त्यांनी कठड्याला धरून मागे बघितलं,
आधी माझ्या हातातल्या चपलेकडे,
मग स्वतःच्या पायाकडे.

"अरेच्चा," म्हणाले, "गार आहे की."