दृश्यता

पहाटे सहाला मी टेकडीवर जाते,
काखेत वही, खिशात उकडलेलं अंडं.
समुद्रातला काळा खडक दिसला तर बारा किलोमीटर,
त्यामागचं ओसाड बेट दिसलं तर चाळीस,
माझ्याच कुंपणाचा खांब दिसेना झाला
तर शून्य लिहायचं आणि घरी येऊन चूल पेटवायची.
हेब्रिडीजच्या या टोकाला
एकोणीस वर्षं मी एवढंच करते :
किती दिसतं, ते सांगते.

आधी तोफा होत्या.
तोफेला माझ्या वहीची फारशी पत्रास नव्हती.
धुक्यातही धडाडायची,
तावदानं थरथरायची,
रूअरीची लाल गाय दोन-दोन दिवस पान्हा सोडायची नाही.

आता प्रकाश आलाय.
पांढऱ्या पेटाऱ्यात बसलेला,
पुढे परातीएवढी काच.
ती पुसायला दोघं जण, हातमोजे घालून,
तान्ह्याचं तोंड पुसावं तशी पुसतात,
कारण खारट वाऱ्याचा एक ठिपका राहिला
तर तिथंच काच तापते, तडकते.
एका वाराला खर्च म्हणे चहा-बिस्किटांचा.
पण भुरभुर सुरू झाली की गप्प.
पाण्याच्या कणाकणाशी वाद घालत
वाटेतच विस्कटून जातो.
लंडनचे साहेब घड्याळ बघत विचारतात,
"कधी उघडेल?"
मी म्हणते, "मंगळवारी."
आमच्याकडे मंगळवार कधीही येतो.

एकदा आला.
आभाळ धुतल्या ताटासारखं.
लांब पाण्यावर एक ड्रोन, मुद्दाम सोडलेलं,
आणि आम्ही सगळे श्वास धरून.
काही झालं नाही.
ना आवाज, ना रेघ, ना ठिणगी.
कुत्र्यानं मान वर केली नाही.
नुसता एक पंख मऊ पडला,
उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखा,
आणि ते वस्तू असल्यासारखं खाली गेलं.
मागे कुणीतरी टाळी वाजवली, एकच.
मला वाटलं, तोफ बरी होती,
निदान सांगून यायची.

आठवड्यानं भरतीनं तो पंख किनाऱ्यावर टाकला.
रूअरीनं कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकला.
वितळलेली कड आतल्या बाजूला ठेवली,
म्हणाला, बोचत नाही.

आणि हो, एकदा मी खोटं लिहिलंय.
ऑक्टोबर होता, आइसलंडकडून हंस उतरत होते,
चाळीस होते किलोमीटर, मी चार लिहिले.
त्यांच्याकडे रडार आहे, माणसं आहेत,
पाखरू दिसलं तर थांबतात, हे मला ठाऊक होतं.
तरी लिहिले.
अर्धा तास कुणी काही विचारलं नाही.
एकोणीस वर्षांत मी कमावलेलं तेवढंच.

हे मी ओलेस्याला सांगितलं.
ती काचवाल्यांतली इंजिनिअर, मिकोलाइवची,
नखं कुरतडलेली, चहात जॅम घालून पिते.
हसेल वाटलं होतं.
म्हणाली, "आमच्याकडे आई रोज धुकं मागायची.
धुकं असलं की वाटायचं, आज ती भोंग्यासारखी घरघर
आपल्या गल्लीत वाट चुकेल.
आता मी हे बनवते,
आणि हे तिथं पोचलं
तर आईला रोज लख्ख आभाळ मागावं लागेल.
देव गोंधळेल."
मग कप विसळला, पालथा घातला,
आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभी राहिली.

मी हंसांचा विषय पुन्हा काढला नाही.

आज धुकं आहे. खांब नाही, कुंपण नाही,
माझ्या बुटांपलीकडे जग नाही.
ओलेस्या न बोलावता टेकडीवर आलीये,
फोनमध्ये तिच्या गावचं हवामान.
"तिकडे?"
"निरभ्र. रात्रभर होतं."
पुढचं मी विचारलं नाही,
अंडं सोलून अर्धं तिला दिलं.
तिनं ते खाल्लं, मीठ नसताना.

मग खांब दिसला.
खांबामागे ओली मेंढी.
मी लिहिलं :
चाळीस मीटर. वाढतेय.