अठ्ठ्याण्णव

हाय-हॅट मिटत नाही.
इल्पो पेडल दाबतो, झांज उघडीच;
हेडफोनमध्ये सळसळत राहते
वायसर गेलेल्या नळासारखी.

ओउलूत पहाटेचे तीन. बाहेर उणे एकवीस.
पडद्यावर आकडा चढतो,
अठ्ठ्याण्णववर अडतो.
एकशेसत्तावीस हवेत.
केबल बदलून झाली, सेन्सर पुसून झाला,
सॉफ्टवेअरमधली रेघ
उलटी करून पुन्हा सुलटी केली.

दारात राइली, ब्लँकेट गुंडाळून.
"बर्फावर घसरलास ना,
तेव्हापासून जिन्यातही टाच टेकत नाहीस तू."

तो खाली बघतो.
लोकरी मोजा. आत घोटा, अजून जाडसर.

मग ती रेघ माऊसने खाली ओढतो:
यापुढे अठ्ठ्याण्णव म्हणजे बंद.

चिक्.

हे त्यालाच ऐकू आलं.
तिला नुसतं
रबरावर पडलेलं पाऊल.