दोन ते चार

परिपत्रक आलं तेव्हा मी खूश होते, हे आधी लिहून ठेवते.
झेरॉक्स फिकट, कोपऱ्यात कुणाच्या तरी चहाचा गोल,
पण मजकूर स्वच्छ होता:
नोंदीतल्या माणसाला पोलीस सोबत असल्याशिवाय
गेटच्या आत घेऊ नये.
घेतलंच तर दुपारी दोन ते चार,
बाल विभागाचा जिना टाळून.

केसपेपरच्या चार नंबर खिडकीवर
मीच तो आतून चिकटवला.
माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.
आणखी काय सांगू.

रमाकांत शेलटकर आला तो सोमवार.
आधार कार्ड सरकवलं, स्क्रीनवर लाल पट्टी आली.
मी त्याच्याकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं.
सात वर्षं भोगून आलेला माणूस
रेशनच्या रांगेत आपल्यापुढे उभा असतो
अगदी तसाच दिसतो.
रुमालात खोकला, रुमालाची घडी केली,
नीट, कडेला कड जुळवून,
आणि खिशात ठेवली.

"पोलीस घेऊन या."
"कुठून आणू, ताई?"
ताई म्हणाला, याचाच मला राग आला.

चौकीत तेव्हा बंदोबस्त होता.
मग विसर्जन, मग कुणाचा तरी दौरा,
मग परीक्षेची केंद्रं.
एकदा शिपाई मिळाला, तोही पावणेपाचला.
आणि टीबीची ओपीडी तर सकाळी, नऊ ते बारा.
दोन ते चार तिथे नुसता पंखा फिरतो.
परिपत्रक लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसणार.
मला ठाऊक होतं.

चौथ्या खेपेनंतर तो आला नाही.
मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मधे एक म्हातारी आली होती,
खुब्याचं हाड मोडलेली. सहीवाचून तीन दिवस पडून.
सही करणारा मुलगा गेटबाहेर उभा,
शर्टाच्या खिशात पेन.
गार्ड म्हणाला, ह्याच्यावर पण लाल आहे मॅडम.
शेवटी कागदच बाहेर नेला कुणीतरी,
रिक्षाच्या टपावर ठेवून सही घेतली.
तेव्हा आम्ही हसलो होतो.

जानेवारीत एक बाई आली, मानखुर्दची.
कडेवर सहा वर्षांची पोर,
वजन काट्यावर तिनाच्या पोरीचं.
नाव स्वरांगी. पत्ता सांगू लागली
आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली.
तीच गल्ली, तोच नळ.
दोन खोल्यांत पत्र्याची एकच भिंत,
छपरापासून हातभर खाली संपणारी.

"आम्ही तिला तिकडं फिरकू पण देत नाही,"
आई आपणहून सांगत होती,
"सगळ्या गल्लीला माहितीये तो कोण ते."

खरं होतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं.
दार लावलं होतं, खिडकी लावली होती,
गेट आम्ही लावलं होतं.
खोकल्याला आधार कार्ड लागत नाही.
तो पत्र्यावरून गेला.

त्याच्यासाठी माझ्याकडे अजूनही चांगला शब्द नाही.
कुणी मागूही नये.
त्यानं जिचं बालपण नासवलं
ती आता कुठंतरी एकोणीस-वीस वर्षांची असेल.
तिच्या नावानं आम्ही तो कागद चिकटवला,
तिला न विचारता.
विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती
याचा मी रात्री विचार करते,
आणि प्रत्येक रात्री ती वेगळं काहीतरी म्हणते.

स्वरांगीला घेऊन बाई बाल विभागाचा जिना चढली.
तोच जिना,
जो आम्ही तिच्यासाठी मोकळा ठेवला होता.
पाचव्या पायरीवरून मागे वळून विचारलं,
"गोळ्यांसाठी रोज यावं लागलं तर?
येता येईल ना, ताई?"

येईल की, मी म्हटलं.
तुम्हाला येता येईल.